वाटेत उतरायचं नाई

मास्तर माझ्याशी पहिल्यांदा बोलले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, कुठल्या वर्गावर नेमणूक झाली तेही विचारलं नाही. मी शाळेच्या फाटकात सायकलवरून उतरत होतो. ते कडुनिंबाखाली उभे राहून कोटाच्या खिशातले शेंगदाणे खात होते. माझ्याकडे थोडा वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "तुम्ही पायडल दाबून राह्यले. दाबायचं नसते ते. फिरवायचं असते."

हिंगणघाटच्या त्या शाळेत मी नुकताच नोकरीला लागलो होतो. मी आर्वीकडचा, शेतकऱ्याच्या घरचा, कॉलेज संपवून आलेला. सायकल घेतली होती ती केवळ माझी खोली स्टेशनाजवळ आणि शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला म्हणून. पायडल दाबायचं की फिरवायचं, हा प्रश्न मला तोवर कधी पडला नव्हता. त्याच दिवशी ड्रॉइंगच्या मास्तरांनी मला बाजूला घेऊन सावध केलं. "त्याच्या नादी लागू नका. माणूस सोन्यासारखा आहे, पण सायकलचा विषय निघाला की कामातून गेला."

मी नादी लागलो.

मास्तर भूगोल शिकवत. वय चाळिशीच्या आसपास, अंगाने काटक, मान जराशी पुढे आलेली. शाळेत धोतर, काळा कोट, टोपी असा सगळा पोशाख नीटनेटका. पण शाळा सुटली की कोटाची घडी करून ती सुतळीने पाठीला बांधायची, धोतराचा काचा मारायचा आणि सायकलवर बसायचं. त्या सायकलला मडगार्ड नव्हतं, चेनकव्हर नव्हतं, कॅरिअर नव्हतं. हँडल उलटं फिरवून बसवलेलं होतं, त्यामुळे मास्तर ओणवे झाले की मागून पाहणाऱ्याला फक्त पाठीवरचा कोट दिसे. घंटीही काढून टाकलेली. तिच्याऐवजी ते तोंडाने "हो, हो, हो" करत जात. बाजाराच्या दिवशी गर्दीत तो आवाज आला की बाया टोपल्या उचलून बाजूला होत आणि म्हणत, "सरका वो, सायकलमास्तर आला."

वाऱ्याबद्दल ते एखाद्या शेजाऱ्याबद्दल बोलावं तसं बोलत. "आज त्याचं डोकं ठिकाणावर नाई, त्याच्याशी भांडू नका." वर्गात वारे शिकवायचे असले की दोन तासांचं काम आठवडाभर चाले. एकदा इन्स्पेक्टर तपासणीला आले. त्यांनी मुलांना विचारलं, उन्हाळ्यात आपल्या भागात वारा कुठून येतो? एक मुलगा उभा राहून म्हणाला, "जामले जाताना पाठीवर येते सर, अन् जामहून परत येताना तोंडावर." इन्स्पेक्टर हसले, वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. "बरोबर आहे," म्हणाले, आणि मुलाला बसायला सांगितलं.

जाम म्हणजे नागपूरच्या सडकेवरचा नाका. चार हॉटेलं, मोटारी थांबण्याची जागा, आणि मागे गाव. हिंगणघाटहून तिथपर्यंतची डांबरी सडक ही मास्तरांची शाळा होती. एका शनिवारी ते मला म्हणाले, "उद्या सकाळी वणा नदीच्या पुलावर या." मी इस्त्रीची पँट घालून गेलो. त्यांनी खिशातून पाना काढला आणि माझी सायकल पुलाच्या कठड्याला टेकवून तिचं मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, एकेक करत सगळं सोडवलं. ते सामान शेजारच्या पानठेल्यावर ठेवायला दिलं.

"हे वजन कोणासाठी वाहून राह्यला होता तू?" त्यांनी विचारलं. पाना हातात घेतल्यापासून मी त्यांच्या लेखी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो.

मग सीट इतकी वर केली की माझे पाय जमिनीला पोहोचेनात. मी म्हणालो, "मास्तर, थांबायचं झालं तर?"

"थांबायचं नाई. वाटेत उतरायचं नाई. बाकी सगळं हळूहळू येते, पण हे पहिल्या दिवशी आलं पाहिजे."

त्या दिवशी त्यांनी मला मागच्याने पुढच्याच्या चाकाला धरून कसं जायचं ते शिकवायला घेतलं. पुढचा वारा अंगावर घेतो, मागच्याला सोपं जातं; मग मागच्याने पुढे यायचं. ऐकायला सोपं. मी त्यांच्या मागच्या चाकाकडे टक लावून निघालो. "चाकाकडे पाहू नको," ते पुढून ओरडले, "कमरेकडे पाहा." मी कमरेकडे पाहिलं, माझं चाक त्यांच्या चाकाला लागलं आणि मी सडकेवर आडवा झालो. कोपर सोलून निघालं. मास्तर उतरले नाहीत. ते माझ्याभोवती गोल गोल सायकल फिरवत राहिले. "हाड मोडलं का?" एका फेरीत विचारलं. "नाही," मी म्हणालो. "मंग ऊठ," पुढच्या फेरीत म्हणाले. मी उठून सीटवर बसेपर्यंत त्यांच्या फेऱ्या चालूच होत्या. समोरून येणारा एक बंडीवाला बैल थांबवून हा प्रकार पाहत होता.

पहिले काही आठवडे मी वर्गात उभा राहूनच शिकवलं, कारण बसवत नव्हतं. मांड्या अशा धरत की जिना उतरताना मुलं तोंड लपवून हसत. मास्तर रोज मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येत आणि जेवणाचं विचारत. भात सोड. ज्वारीची भाकर आणि गूळ खा. पाणी घोटघोट पी. पहाटे थंड पाण्याने पाय धू. त्यातलं खरं किती, खोटं किती, मला आजही माहीत नाही. पण दिवाळीनंतरच्या एका सकाळी, कापसाची पऱ्हाटी दोन्ही बाजूंना पांढरी झालेली असताना, मी त्यांच्या मागे चाललो होतो आणि एकदम माझ्या लक्षात आलं की बराच वेळ मी पायांचा विचारच केलेला नाही. पाय आपले फिरत होते. श्वास त्यांच्याबरोबर चालला होता. मला इतकं बरं वाटलं की मी काहीतरी मोठ्याने बोललो. मास्तरांनी मान न वळवता म्हटलं, "आलं ना? आता जाणार नाई ते."

इथवर सगळं एखाद्या हौशी माणसाचं असतं तसंच होतं. न कळणारं होतं ते परतीचं.

जामला पोहोचलो की मास्तर हॉटेलच्या ओट्यावर एक पाय टेकवून, सीटवर बसल्याबसल्याच चहा घेत. मग मला तिथेच थांबायला सांगून गावातल्या एका गल्लीत जात. थोड्या वेळाने त्या गल्लीतून बाहेर येत ते वेगळेच होऊन. चेहरा ओढलेला, डोळे सडकेवर. "चल," एवढंच म्हणत. जामला जाताना शिकवणं असे, गप्पा असत, आळीपाळीने वारा घेणं असे. परतताना यातलं काही नाही. मास्तर असे पायडल मारत की मला त्यांचं चाक धरून राहणं कठीण व्हायचं. पूल यायचा, माझी खोली मागे पडायची, शाळाही मागे पडायची. गावातल्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्याच्या फाटकाशी जाऊन ते थांबत. आतल्या कंपाउंडरला हाक मारून विचारत, "किती वाजले?" तो सांगे. मास्तर मान हलवत आणि घरी जात.

दर रविवारी हेच. गावात बोलायला माणसं टपलेलीच असतात. मास्तर विधुर होते, आईला घेऊन राहत. डॉक्टरीणबाई साठीच्या घरात आलेल्या, कधी लग्न न केलेल्या, कडक. तरी स्टाफरूममध्ये खसखस पिकायची. एक दिवस हेडमास्तरांनी मला बोलावून सांगितलं, की तुमच्या मित्राला समजवा, शिक्षकाला हे शोभत नाही.

पुढच्या रविवारी, जामच्या हॉटेलसमोर, मी चाचरत तो विषय काढला. लोक असं असं म्हणतात, मास्तर.

त्यांना राग आला नाही. त्यांनी कप ओट्यावर ठेवला. "ये माझ्यासंग," म्हणाले.

गल्लीच्या टोकाला एक कौलारू घर होतं. अंगणात कुणाची तरी लहान मुलं खेळत होती, दारात एक बाई तांदूळ निवडत होती. मास्तर सायकल घेऊन समोरच्या भिंतीशी उभे राहिले.

"मी इथं राहत होतो," ते म्हणाले. "इथल्या प्राथमिक शाळेत होतो तवा. ती याच घरात गेली."

वैशाखाचे दिवस होते. त्यांच्या बायकोचे दिवस भरत आले होते. दुपारी जेवणं झाल्यावर एकाएकी रक्त जायला लागलं. सुईण आली, तिने पाहिलं आणि म्हणाली, हे माझ्या हातचं नाही, डॉक्टरीण आणा. सकाळची मोटर निघून गेली होती, पुढची संध्याकाळी. मास्तरांनी पाटलांची सायकल मागून घेतली.

"मले सायकल येत होती, म्हणजे पडत नव्हतो इतकंच. ऊन असं, का डांबर चाकाले चिकटून राह्यलं होतं. वारा तोंडावर. निम्म्या वाटेत माझा दम गेला. बाभूळ होती सडकेले लागून. मी उतरलो अन् बसलो."

अंगणातल्या मुलांचा चेंडू आमच्यापर्यंत आला, तो त्यांनी पायाने हळूच परत ढकलला.

"किती वेळ बसलो ते मले माहीत नाई. डोळ्यापुढं अंधारी होती. तेच तर माहीत नाई मले. मंग उठलो, गेलो. बाई लगेच निघाल्या, कापसाच्या जिनवाल्याची मोटर मागून. आलो तवा सगळं झालं होतं. लेकरूही नाई राह्यलं."

"मास्तर, तसल्या उन्हात कोणीही उतरलं असतं."

"उतरलं असतं," ते म्हणाले. "पण ती कोणाची तरी बायको नव्हती. माझी होती."

मग त्यांनी सायकल वळवली, सीटवर बसले आणि म्हणाले, "चल." त्या दिवशी मी त्यांचं चाक धरून हिंगणघाटपर्यंत गेलो आणि सबंध वाटेत एकदाही मागे पडलो नाही. दवाखान्याच्या फाटकाशी मीच कंपाउंडरला वेळ विचारली.

त्यांच्या घरी माझं येणं-जाणं त्यानंतर वाढलं. त्यांची आई म्हातारी, कमरेत वाकलेली, पण कामाला वाघीण. एकदा मास्तर मागच्या अंगणात ट्यूबचं पंक्चर काढत होते आणि ती मला पिठलं वाढत होती. दाराकडे एक डोळा ठेवून हलक्या आवाजात म्हणाली, "तुले सांगतलं असंल त्यानं. बाबू, मी तिथंच होती. हा सडकेले लागला नसंल, तवाच तिनं डोळे फिरवले. माझ्या मांडीवर डोकं होतं तिचं. मी त्याले किती खेपा सांगतलं. तो म्हणते, आई माझं मन राखून राह्यली."

"तुम्ही खरंच सांगता ना, आई?" मी विचारलं, आणि विचारल्याबरोबर मला वाईट वाटलं.

तिने पिठल्याची पळी खाली ठेवली. "पाहा बरं," म्हणाली. "तुले बी तसंच वाटलं."

पुढच्या दसऱ्याच्या सुमाराला जामची सडक माणसांनी भरून गेली होती. नागपूरला दीक्षा घ्यायला निघालेली माणसं. बायाबापड्या, म्हातारे, कडेवर पोरं, पांढरे धुतलेले कपडे, कुणी बंडीत, कुणी पायी. त्या दिवशी आमचा सराव कसला होणार? मास्तर हळूहळू कडेने चालवत होते. एका मैलाच्या दगडावर एक म्हातारी बसली होती. पाय सुजलेले. तिचा मुलगा तिच्यासमोर उभा राहून काय करावं या विचारात होता.

मास्तर सायकलवरून उतरले. जाम यायच्या आत त्यांना सडकेवर पाय टेकताना मी तोवर पाहिलं नव्हतं. त्यांनी पाना काढून सीट पार खाली केली, म्हातारीला सीटवर बसवलं, मुलाला एका बाजूने धरायला सांगितलं आणि हँडल धरून चालू लागले. मीही उतरलो आणि मागे मागे चालू लागलो. जामच्या नाक्यावर त्यांनी एका ट्रकवाल्याशी बोलून त्या दोघांना चढवून दिलं. म्हातारी म्हणाली, "तू काऊन चालला रे बाबा इतका?" मास्तर म्हणाले, "सडक माझ्या ओळखीची आहे, माय." त्या दिवशी ते गल्लीत गेले नाहीत, आणि परतताना दवाखान्याच्या फाटकाशीही गेले नाहीत. मला वाटलं, सुटलं बहुतेक. पण पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

जानेवारीत गावातल्या एका व्यायामशाळेने शर्यत ठरवली. हिंगणघाटहून निघायचं, जामच्या नाक्यावर ठेवलेल्या पिंपाला वळसा घालायचा आणि परत यायचं. मास्तरांनी आम्हा दोघांची नावं दिली. नावं लिहून घेणारा मुलगा आमच्याच शाळेतून मॅट्रिक झालेला, तो म्हणाला, "सर, तुम्ही पंच म्हणून या ना." मास्तर म्हणाले, "लिही."

शर्यतीच्या सकाळी थंडी कडाक्याची होती. वर्ध्याची, पुलगावची पोरं आली होती, नागपूरचेही दोघे-तिघे, त्यांच्या सायकली हलक्या आणि चकचकीत. त्यांच्यात मास्तर काचा मारून उभे, पाठीवर आज कोट नव्हता. लोक त्यांना नावाने हाका मारून हसत होते. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "पहिले कोणाच्या मागं धावू नको. पहिल्या मैलात सगळेच पैलवान असतात."

शिट्टी झाली आणि मी त्यांचं सगळं शिकवणं विसरलो. समोरचा घोळका सुटला, त्याच्याबरोबर मीही सुटलो. माणसांच्या मधोमध, कोपराला कोपर लागत, सगळ्यांच्या चाकांचा एकच आवाज, असं मी कधी अनुभवलं नव्हतं. मला वाटलं, मी नागपूरवाल्यांच्या बरोबरीचा आहे. निम्मी वाट जायच्या आत माझ्या छातीचा भाता फुटायची वेळ आली. घोळका माझ्या दोन्ही बाजूंनी वाहून पुढे गेला आणि मी एकटा सडकेवर उरलो. उतरावंसं वाटत होतं.

मागून "हो, हो, हो" ऐकू आलं. मास्तर शांतपणे माझ्या बाजूने पुढे आले. "मागं ये," म्हणाले. मी त्यांच्या कमरेवर नजर ठेवली. हळूहळू श्वास परत आला. जामचं पिंप आलं, आम्ही वळलो. त्या दिवशी मास्तरांनी गल्लीकडे पाहिलंही नाही. वळून सडकेला लागल्यावर वारा आमच्या पाठीशी आला.

"पाठीशी आहे," मी म्हणालो.

"हो," ते म्हणाले. "तवा असता तर."

हिंगणघाटच्या अलीकडे बाजाराला निघालेल्या कापसाच्या बंड्यांची रांग होती. एक बैल बुजला, बंडी आडवी झाली, आणि पुढच्या घोळक्यातले पाच-सहा जण एकमेकांवर पडले. आम्ही मागे होतो म्हणून वाचलो. बंडीच्या कडेने, शेताच्या धुऱ्यावरून, आम्ही वाट काढली. पूल ओलांडला तेव्हा आमच्या पुढे मोजकेच लोक होते. शेवटच्या सरळ रस्त्यावर मास्तर बाजूला झाले आणि म्हणाले, "जा." मी जीव तोडून गेलो. मी पाचवा आलो. दोराच्या पलीकडे मुलं मला मिठ्या मारत होती, आणि मी मागे वळून मास्तरांना शोधत होतो.

ते माझ्या मागोमागच आले, पण थांबले नाहीत. दोर ओलांडून तसेच पुढे गेले. लोक हसत ओरडले, "मास्तर, संपली ना शर्यत." मी गर्दीतून सायकल ओढून काढली आणि त्यांच्या मागे गेलो.

दवाखान्याच्या फाटकाशी ते उतरले होते. या वेळी कंपाउंडरला हाक मारली नव्हती. सायकल धरून सरळ आत, व्हरांड्यापर्यंत गेले होते. डॉक्टरीणबाई पांढऱ्या पातळात, चष्मा कपाळावर सरकवून, पायरीवर येऊन उभ्या होत्या.

"बाई, मी जामहून आलो," मास्तर म्हणाले. त्यांचा श्वास अजून बसला नव्हता. "त्या दिवशीच्यापेक्षा फार लवकर आलो. इतक्या लवकर आलो असतो, तर?"

बाईंना विचार करावा लागला नाही. इतके दिवस फाटकाशी वेळ विचारायला येणारा माणूस त्यांनी ओळखलेलाच असणार. त्या पायऱ्या उतरून खाली आल्या.

"गुरुजी, त्या दिवशी तुम्ही इथे आलात तेव्हा मी तुम्हाला विचारलं होतं, रक्त कसं जातंय, किती जातंय. तुम्ही सांगितलंत. तेव्हाच मला कळलं होतं की माझ्या जाण्याने काही होणार नाही. तुम्ही घरून निघालात तेव्हाच वेळ गेली होती. उडत आला असता तरी."

"मी वाटेत बसलो होतो, बाई."

"बसला नसता तरी."

मास्तरांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "मंग तुम्ही आल्या काऊन?"

"तुम्ही घ्यायला आला होतात म्हणून," बाई म्हणाल्या.

मास्तर "बरं" म्हणाले. त्यांनी सायकल वळवली आणि हातात धरून चालत फाटकाबाहेर गेले. मी बरोबर जाऊ लागलो तर म्हणाले, "तू जा. तुले बक्षीस घ्यायचं असंल." पाचव्याला बक्षीस नव्हतं, पण मी थांबलो.

पुढच्या रविवारी पुलावर मी एकटाच होतो. त्याच्या पुढच्या रविवारीही. घरी गेलो तर सायकल मागच्या भिंतीला टेकवलेली, चाकांतली हवा गेलेली. मास्तर ओसरीवर बसून वर्तमानपत्र वाचत होते. "बस," म्हणाले. मी शर्यतींबद्दल बोलत होतो, ते "हो का" म्हणत होते.

गावाला वाटलं, मास्तर ताळ्यावर आले. ते शाळेत पायी येऊ लागले, स्टाफरूममध्ये सगळ्यांबरोबर चहा घेऊ लागले, पगाराच्या आणि बदल्यांच्या गोष्टीत मान हलवू लागले. हेडमास्तरांनी मला शाबासकी दिली, जणू मीच त्यांना समजावलं होतं. वाऱ्यांचा धडा त्या वर्षी दोन तासांत संपला. मुलांनाही चुकल्याचुकल्यासारखं झालं असावं.

डॉक्टरीणबाईंनी खरं तेच सांगितलं होतं. इतक्या वर्षांचं ओझं उतरल्यावर माणूस मोकळा होईल, असं मी धरून चाललो होतो. एकदा त्यांची आई मला म्हणाली, "पहिले रविवारी तिच्यापायी कुठं तरी जात होता. आता त्याले वाटते, तिच्यासाठी करायचं काही राह्यलंच नाई."

मी मात्र सायकल सोडली नाही. वर्ध्याच्या शर्यतीत उतरलो, नागपूरला गेलो, एकदा दुसराही आलो. तो लहानसा कप मी मास्तरांना दाखवायला नेला. त्यांनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, आईला दाखवला आणि कुणाच्या तरी नातेवाइकाच्या लग्नाची पत्रिका परत करावी तसा मला परत दिला. थोड्या दिवसांनी माझी बदली वर्ध्याला झाली, माझं लग्न झालं, आणि भेटी कमी होत गेल्या.

माझ्या बायकोचं पहिलं बाळंतपण सेवाग्रामच्या दवाखान्यात झालं. पहाटेपासून तिला कळा येत होत्या. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसलो होतो. ऊन वर आल्यावर फाटकातून एक भाड्याची मोटर आत आली आणि तिच्यातून मास्तर उतरले. काळा कोट, टोपी, सगळं नीट. सहज भेटायला म्हणून सकाळच्या गाडीने वर्ध्याला आले होते. घरी शेजाऱ्यांनी सांगितलं, तसे तिथूनच मोटर करून निघाले होते.

"कसं आहे?" त्यांनी विचारलं.

"वेळ लागेल म्हणतात."

ते परत मोटरीकडे गेले आणि ड्रायव्हरला गाडी वळवून, तोंड सडकेकडे करून उभी करायला सांगितली. ड्रायव्हर म्हणाला, "मी जाऊ ना आता?"

"जाऊ नको. इथंच राह्य."

मी म्हणालो, "मास्तर, आपण दवाखान्यातच आहोत. डॉक्टर आत आहेत. मोटर कशाला?"

"असू दे," ते म्हणाले. "इथं नसलेलं काही आणायचं पडलं तर?"

दुपार झाली. ड्रायव्हर जेवायला जातो म्हणाला, तर मास्तरांनी कुठून तरी पानावर भाकर-भाजी आणून त्याला गाडीतच दिली. स्वतः काही खाल्लं नाही. मोटर आणि व्हरांडा यांच्यामध्ये ते येरझारा घालत होते. मी बसा म्हटलं तर ऐकलं नाही.

ऊन कलल्यावर नर्स बाहेर आली आणि हसून म्हणाली, "मुलगी झाली."

मी उठून उभा राहिलो. माझ्या मागून मास्तरांनी विचारलं, "अन् तिची माय?"

"बरी आहे."

"पुन्हा एकदा पाहून सांगता का, बाई?"

नर्सने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती आत गेली आणि आली. "चांगली बोलते आहे. पाणी मागितलं तिने."

मास्तर मोटरीजवळ गेले. "जा आता," त्यांनी ड्रायव्हरला सांगितलं. मोटर फाटकाबाहेर पडून दिसेनाशी होईपर्यंत ते तिथे उभे राहिले. मग व्हरांड्यात येऊन बाकावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांचे खांदे हलत होते. आवाज अजिबात नव्हता.

मी त्यांच्या शेजारी बसलो. मुलीला पाहायला या, म्हणून नर्सने आतून दोनदा हाक मारली. पण त्यांना तसं सोडून मला उठवेना.